डोळे बंद, कान बंद, आणि तो बाल्कनीत

पत्र

ताई, मी ३४ वर्षांची आणि नवरा ३७ वर्षांचा. लग्नाला नऊ वर्षं झाली, सहा वर्षांची मुलगी आहे. मी बँकेत काउंटरवर काम करते. दिवसभर लोकांची कटकट, आवाज, घाई. दोन वर्षांपूर्वी धीर करून मी नवऱ्याला सांगितलं की, डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतःला पूर्णपणे त्याच्या हाती सोपवावं असं मला फार वाटतं. त्याने ते हसण्यावारी नेलं नाही. आम्ही करून पाहिलं आणि दोघांनाही मनापासून आवडलं.

गेल्या महिन्यात मुलगी आजोळी गेली होती, तेव्हा आम्ही आणखी पुढे गेलो. डोळ्यांवर पट्टी, कानात फोमचे बोळे, त्यावर मोठे हेडफोन आणि त्यात पावसाचा आवाज. हात ओढणीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. सुरुवातीला इतकं शांत वाटलं की काय सांगू. मग लक्षात आलं की बराच वेळ त्याचा स्पर्शच झालेला नाही. हाक मारली, पण त्याने ओ दिली असती तरी मला ऐकू कुठून येणार? हात ओढले तर गाठ आणखी आवळली. जीव कासावीस झाला. तो परत आला तेव्हा मी हुंदके देत होते. ऑफिसचा फोन आला म्हणून तो बाल्कनीत गेला होता. म्हणाला, चारच मिनिटं झाली. मला अर्धा तास वाटला.

दुसऱ्या दिवशी मी ठीक होते. तिसऱ्या दिवशी बँकेत काही कारण नसताना रडू फुटलं. आता तो म्हणतो, या वाटेला पुन्हा जायचं नाही, माझ्या हातून तुझं काही बरंवाईट झालं असतं तर? आणि मला मात्र ते पुन्हा हवंय. हे लिहितानाही लाज वाटतेय. ही विकृती आहे का? आणि धोका न पत्करता हे करता येतं का?

— एक वाचक, नाशिक

ता. क. उजव्या अंगठ्याच्या मागच्या बाजूला अजून थोडं बधिर वाटतं. ते फार महत्त्वाचं नसावं.

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमचा ता. क. मी आधी घेते, कारण सगळ्या पत्रात घाईचं तेवढंच आहे. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूने, त्वचेच्या अगदी खालून रेडियल नर्व्ह या नसेची एक बारीक शाखा जाते. तिच्याखाली हाडाशिवाय कशाचा आधार नाही आणि वर मांसही नाही. अरुंद, आवळलेल्या कापडाने ती सहज दबते. हातकड्या घट्ट बसलेल्या माणसांना नेमका हाच त्रास होतो: अंगठ्याच्या मागे आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात बधिरपणा, मुंग्या, कधी जळजळ. बहुतेक वेळा नस आपोआप सावरते, पण त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तुम्हाला आता महिना होत आला आहे. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा न्यूरॉलॉजिस्टना दाखवून घ्या. मनगट वर उचलताना किंवा मूठ वळताना जोर कमी वाटत असेल, तर उद्याच जा. कापड मनगटाला घट्ट बसलं होतं एवढं सांगितलं तरी तपासणी होते, पण खरं सांगितलंत तर उत्तम. डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन असतं आणि त्यांनी याहून खूप काही ऐकलेलं असतं. तो बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत त्या मनगटाला काहीही बांधायचं नाही, सैलसुद्धा नाही.

आता विकृतीचा प्रश्न. नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत स्पष्टपणे वेगळं काढलं की, चाकोरीबाहेरची लैंगिक आवड असणं म्हणजे आजार नव्हे. त्या आवडीने माणूस स्वतः हैराण झाला असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, त्याची संमती नसेल, तर गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेची अकरावी रोगसूची २०२२ पासून लागू झाली. तिच्यातून तर प्रौढांमधले परस्परसंमतीचे असे खेळ आजारांच्या यादीतून वगळलेच आहेत. तुम्ही लिहिलंय की लाज वाटते. आपल्या भाषेत हे प्रश्न विचारण्याची परंपरा तुमच्या-माझ्या आधीची आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा विचारा, मोकळेपणाने विचारा.

दिवसभर काउंटरवर बसून शंभर जणांचं ऐकणाऱ्या बाईला रात्री काहीच ऐकू येऊ नये, काहीच दिसू नये, काहीच ठरवावं लागू नये असं वाटलं, तर मला त्यात नवल वाटत नाही. पट्टीपाठोपाठ कान बंद करणं, म्हणजे ज्याला सेन्सरी डिप्रिव्हेशन म्हणतात, ते किंकमध्ये, म्हणजे अशा चाकोरीबाहेरच्या लैंगिक खेळांमध्ये, रुळलेल्या जोडप्यांमध्ये खूप आवडीने केलं जातं. पट्टी मऊ, दोरी सैल, वेदना नाही, म्हणून ते सौम्य समजलं जातं आणि इथेच लोक फसतात. चाबूक हातात घेताना माणूस दहादा विचार करतो, हेडफोन लावताना करत नाही. तुमच्या नवऱ्यानेही केला नाही, आणि मला खात्री आहे की त्यात बेफिकिरी नव्हती. ऐकू न येणाऱ्या, न दिसणाऱ्या माणसासाठी खोली किती झटकन रिकामी होते हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

त्या चार मिनिटांत तुमच्या डोक्यात काय झालं ते समजून घ्या, म्हणजे स्वतःला भित्री म्हणायचं थांबवाल. बाहेरून काही येईनासं झालं की मेंदू स्वस्थ बसत नाही, तो आपलं आपण काहीतरी तयार करू लागतो. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या विभागात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर प्रयोग झाले. विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर मिळत, तेव्हा ही रक्कम चांगली होती. काम एकच, पडून राहणं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या आणि हातमोजे, डोक्याभोवती फोमची उशी, कानावर यंत्राची घरघर. बसल्याजागी पैसे मिळत असूनही बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे ते सोसलं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना नसलेली दृश्यं दिसू लागली. आधी ठिपके आणि नक्षी, मग चक्क चित्रं. एकाला खांद्यावर पोती घेऊन रांगेत चाललेल्या खारी दिसल्या. ही सगळी धडधाकट, हुशार पोरं होती.

वेळेचंही तसंच. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. सेकंदाला एक या गतीने एकशेवीसपर्यंत मोजायला सांगितलं तर त्याला पाच मिनिटं लागायची, आणि त्याला वाटायचं दोनच झाली. १४ सप्टेंबरला तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशेबाने अजून २० ऑगस्टच होती. त्याचा वेळ आखडला होता, तुमचा ताणला गेला. कारण तो शांत होता आणि तुम्ही घाबरलेल्या होतात. भीतीत प्रत्येक क्षण लांबतो. म्हणून 'चारच मिनिटं' हे नवऱ्याचं म्हणणं खरं आणि तुमचा अर्धा तासही खरा. यावर पुन्हा वाद घालू नका.

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकायला जड आहे, पण मला ती टाळायची नाही. १९७१ साली उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी चौदा जणांना पकडून जी चौकशी केली, तिच्यात डोक्यावर काळी टोपडी घालणं आणि सतत घोंघावणारा आवाज ऐकवणं होतं. जोडीला तासन्‌तास भिंतीशी उभं करणं, झोप, अन्न आणि पाणी तोडणं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९७८ साली ही वागणूक अमानुष आणि मानखंडना करणारी ठरवली. डोळे झाकणं आणि कानात आवाज सोडणं या दोन गोष्टी मॅकगिलमध्येही होत्या, तिथेही होत्या, आणि तुमच्या पलंगावरही होत्या. मॅकगिलचा विद्यार्थी 'पुरे' म्हणून उठून जाऊ शकत होता. त्या चौदा जणांना ती सोय नव्हती. आणि त्या रात्री, तुमच्या नवऱ्याच्या मनात नसतानाही, चार मिनिटांपुरती तुम्हालाही राहिली नाही. तुम्ही हाक मारलीत आणि ती ऐकायला कुणी नव्हतं. तुमचं शरीर घाबरलं ते त्याला. अंधाराला आणि शांततेला तुम्ही घाबरला नव्हतात, ते तर तुम्हाला आवडलं होतं.

म्हणून माझा मुख्य मुद्दा सांगते. ज्याचे डोळे-कान बंद केलेत, त्याच्यासाठी समोरच्याचा हात हाच एक दुवा उरतो. तो हात उचलायचा नाही. आंधळी कोशिंबीर आठवा: राज्य असलेल्या पोराभोवती बाकीची पोरं टाळ्या वाजवतात, टपल्या मारतात, म्हणून पट्टी असूनही ते हसत असतं. ती पोरं गुपचूप घरी निघून गेली तर तोच खेळ रडवतो. तुमच्या नवऱ्याने खांद्यावर, पोटरीवर, केसांत, कुठेही, पण एक हात कायम ठेवायचा. हात हलवायचा असेल तर दुसरा टेकवल्याशिवाय पहिला काढायचा नाही. कधीकधी स्पर्शाविना वाट पाहायला लावण्यातच मजा असते, हे मला ठाऊक आहे. ती मजा जरूर घ्या, पण आधी ठरवून: हात काढण्यापूर्वी खांद्यावर दोनदा थोपटायचं, म्हणजे 'मी इथेच आहे, थोडा वेळ शिवणार नाही'. आणि तो वेळ सुरुवातीला वीस-तीस सेकंदांच्या पुढे न्यायचा नाही. त्याने मनातल्या मनात न मोजता घड्याळाकडे बघून मोजायचं.

खोली सोडायची नाही. एका मिनिटासाठीही नाही. ऑफिसचा फोन, बेल, कुकरची शिट्टी, काहीही असो. फोन दोघांचेही बंद ठेवा. मुलगी आजोळी असेल, तर तिथला फोन येईल अशी रुखरुख राहते, म्हणून आधी बोलून घ्या आणि मग सुरू करा. इतकं करूनही उठावंच लागलं, तर आधी हेडफोन काढायचे, पट्टी काढायची, हात सोडायचे, सांगायचं आणि मगच दाराकडे जायचं. रंगाचा बेरंग होईल, होऊ द्या. बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही हा किंकमधला फार जुना आणि फार गंभीर नियम आहे. बांधलेल्या अवस्थेत एकटी राहिलेली माणसं उलटी घशात जाऊन किंवा मान वाकडी पडून श्वास अडकल्याने दगावलेली आहेत.

आता खुणेबद्दल. बहुतेकांना सेफवर्ड, म्हणजे उच्चारला की सगळं थांबवायचं असा आधी ठरवलेला शब्द, माहीत असतो. हिरवा, पिवळा, लाल असे सिग्नलचे रंगही पुष्कळजण वापरतात: हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे जरा हळू, काहीतरी खुपतंय, लाल म्हणजे सगळं बंद. तुम्ही बोलू शकत होतात, तरीही तुमचा शब्द वाया गेला. कानात बोळे असताना आपला आवाज किती मोठा येतोय याचा अंदाज राहत नाही, घाबरल्यावर घशाला कोरड पडते, आणि ज्याला तुमचं उत्तर हवं त्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून शब्दाच्या जोडीला हाताची खूण हवीच. पुष्कळ ठिकाणी सांगतात की हातात किल्ल्यांचा जुडगा धरा आणि सोडून द्या. पण गादीवर पडलेल्या किल्ल्यांचा आवाज होत नाही! हात पलंगाबाहेर फरशीवर लोंबत असेल तरच ते कामाचं. त्यापेक्षा लहान मुलांचं दाबलं की पीं वाजणारं रबरी खेळणं घ्या, तुमच्या घरात ते असेलच. दाबलं की आवाज. आणि ते त्याला ऐकू यावं म्हणून त्याच्या बाजूने कसलंही संगीत लावायचं नाही.

याच्या जोडीला त्यानेही विचारत राहायचं. दर दोन-तीन मिनिटांनी तळहात दोनदा दाबायचा, तुम्ही उलट दोनदा दाबायचा. एकदाच दाबलात तर पिवळा. दाबलाच नाहीत तर तो लाल समजायचा, 'गुंग झाली असेल' असं समजून पुढे जायचं नाही. खोल तंद्रीत माणूस 'नको' म्हणायचंही विसरतो. त्यामुळे थांबवण्याची अर्धी जबाबदारी तुमच्यावर आहे असं त्याने धरून चालू नये. डोळे-कान उघडे असलेला माणूस तो आहे, तेव्हा लक्ष ठेवणं बरंचसं त्याच्याच वाट्याला येतं. श्वास कसा चाललाय, बोटांचा रंग कसा आहे, अंग गार पडतंय का, घाम फुटतोय का, हे सगळं त्याने पाहायचं.

ओढणीचं मात्र मला सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण प्रत्येक घरात ती असते आणि प्रत्येकाला ती निरुपद्रवी वाटते. जॉर्जेटची किंवा सॅटिनची ओढणी ताणली की दोरीइतकी बारीक होते. तिची गाठ ओढीने बसत जाते आणि मग नखांनीही सुटत नाही. तुम्ही हात ओढलेत आणि ती आवळली, ती अशीच. बांधायचंच असेल तर चार बोटं रुंद, मऊ आणि वेल्क्रो असलेले पट्टे घ्या, एका झटक्यात निघतात. बांधल्यावर आत दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. हात डोक्याच्या वर ताणून फार वेळ ठेवायचे नाहीत, खांदे आखडतात आणि बोटं लवकर बधिर होतात. दर थोड्या वेळाने बोटं हलवायला लावायची. मुंग्या, गारठा, निळसर रंग यांपैकी काहीही दिसलं की सोडायचं, 'जरा वेळाने बघू' म्हणायचं नाही. औषधाच्या दुकानात बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री मिळते, ती उशापाशी हवी. कपाटात नको, उशापाशी.

पण खरं सांगू? तुम्हाला सध्या बांधण्याची गरजच नाही. कठडा हातांनी धरून ठेवा आणि सोडायचा नाही असं ठरवा. स्वतःला सोपवल्याची भावना तीच येते, कदाचित जास्तच, कारण तुम्ही दर क्षणी ते पुन्हा निवडत असता. नस दबत नाही, गाठ अडकत नाही, आणि कठडा सोडला की तीच तुमची लाल खूण.

नाकातोंडावर काही येता कामा नये. चेहरा पूर्ण झाकणारी टोपडी, प्लास्टिक, चिकटपट्टी, तोंडात बोळा, यांतलं काहीही नाही. गळ्याभोवती तर काहीच नाही. पालथं निजवून हात बांधायचे नाहीत. सर्दी असेल, दमा उसळला असेल, नुकतंच जेवण झालं असेल तर तो दिवस सोडून द्या. दारू पिऊन हे करायचं नाही, दोघांपैकी कुणीही.

कानांचंही बघा. बोळे घातल्यावर हेडफोनचा आवाज कमी वाटतो, मग माणूस तो वाढवतो. ८५ डेसिबल म्हणजे गजबजलेल्या रस्त्यावरचा गोंगाट. तेवढा रोज आठ तास ऐकला तर कान बिघडू शकतात, आणि त्याच्या वर वेळेची ही मर्यादा भराभर खाली येते. बोळे किंवा हेडफोन, एकच घ्या. आवाज इतपतच ठेवा की नवऱ्याने कानाशी मोठ्याने नाव घेतलं तर ते तुम्हाला कळेल. पूर्ण बधिर शांतता मिळणारच नाही. बोळे घातले की उलट स्वतःचा श्वास आणि छातीची धडधड मोठी ऐकू येते, काहींना त्यानेच घाबरायला होतं. म्हणून पावसाच्या आवाजाची तुमची निवड मला आवडली.

बाहेर काढताना क्रम महत्त्वाचा. आधी हेडफोन, आणि लगेच त्याचा आवाज कानावर पडला पाहिजे, हळू, नाव घेऊन. मग हात. पट्टी सगळ्यांत शेवटी, दिवा मंद करून. पण तुम्ही घाबरला असाल तर हा क्रम गुंडाळून ठेवायचा, कान आणि डोळे एकदमच मोकळे करायचे.

आणि त्यानंतर लगेच कुणी उठून आंघोळीला जायचं नाही. पांघरूण, पाणी, काहीतरी गोड, आणि किमान अर्धा तास एकमेकांजवळ. याला आफ्टरकेअर म्हणतात. तिसऱ्या दिवशी बँकेत तुम्हाला रडू फुटलं, त्याचंही नवल नाही. इतक्या तीव्र अनुभवानंतर एक-दोन दिवसांनी मन अचानक खाली येतं, उदास वाटतं, चिडचिड होते, रडू येतं. किंकमधले लोक त्याला ड्रॉप म्हणतात. तुमच्या बाबतीत त्यात खरी भीतीही मिसळली होती आणि ती त्या रात्री पूर्ण बाहेर पडली नव्हती. पुढच्या वेळी दोन-तीन दिवस संध्याकाळी एकमेकांची विचारपूस करायची असं आधीच ठरवा. पण आताही रात्री दचकून जाग येत असेल, बंद लिफ्टमध्ये किंवा अंधारात छाती धडधडत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी समुपदेशकांना भेटा. लहानपणी कोंडून ठेवल्याचा अनुभव, पॅनिक अटॅक, फिट्स, हृदयविकार, भास होण्याचा पूर्वीचा आजार, यांपैकी काही असेल तर मी कान-डोळे दोन्ही बंद करण्याचा सल्ला देणार नाही. गरोदरपणातही नाही.

फोटो किंवा व्हिडिओ काढू नका, स्वतःपुरतेसुद्धा. फोन हरवतात, दुरुस्तीला जातात. तरी कधी असं काही बाहेर गेलंच, तर लक्षात ठेवा: बाईने चित्रण करायला होकार दिला असला, तरी ते तिच्या संमतीविना पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. याच संहितेच्या कलम ६३ मध्ये, म्हणजे बलात्काराच्या कलमात, संमतीची व्याख्या आहे. स्वतःहून दिलेला, निःसंदिग्ध, त्या विशिष्ट कृतीपुरता होकार, आणि बाईने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती धरायची नाही, असं ती सांगते. नवरा-बायकोंना मात्र त्या कलमातून अजून वगळलेलं आहे. मला हे मान्य नाही. कायद्याने वगळलं तरी तुमच्या खोलीत ती व्याख्या लागू करायला तुम्हाला कुणी अडवत नाही.

आणि ती नवऱ्यालाही लागू होते. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटली. त्याने तुम्हाला बांधलं, त्याच्या हातून तुम्ही रडलात, आणि महिनाभर तो ते दृश्य घेऊन हिंडतोय. जो सूत्रं हाती घेतो त्यालाही ड्रॉप येतो, फक्त त्याची विचारपूस कुणी करत नाही. तुम्ही त्याला 'अरे काही नाही रे, मीच घाबरले' म्हणून पटवायला जाल, तर ते करू नका. जे झालं ते झालं म्हणा, तू खोलीबाहेर जायला नको होतंस हे स्पष्ट म्हणा, आणि मग तू त्या क्षणी आत आलास तेव्हा तुला काय वाटलं हे विचारा. मध्ये न बोलता ऐका. पलंगावर नको, दिवसा, चहा घेताना. 'पुन्हा करूया का' हा प्रश्न त्याच बैठकीत काढू नका.

तो काही आठवड्यांनी तयार झाला, तर फक्त पट्टीपासून सुरू करा, कान उघडे, हात मोकळे, दहा मिनिटांचा गजर लावून. त्यात नवीन काही घालायचं असेल तर ते खेळाच्या मध्येच सुचलं म्हणून नाही, आधी कपडे अंगावर असताना ठरवून. त्याची इच्छा असेल, तर एकदा त्याने स्वतः पट्टी आणि हेडफोन लावून पाच मिनिटं तुमच्या हाती पडून पाहावं. हात उचलल्यावर कसं वाटतं हे त्याला तेव्हा कळेल, माझ्या चार पानांनी कळणार नाही.

आणि तो नाहीच म्हणाला, तर त्याचा नकार तुमच्या होकाराइतकाच पक्का धरा. आडून आडून विषय काढू नका, रुसू नका. तुम्हाला हवी असलेली शांतता थोडीफार तुम्ही एकटीनेही मिळवू शकता: तो घरात असताना, त्याला सांगून, दाराला आतून कडी न लावता, पट्टी आणि हेडफोन लावून पंधरा-वीस मिनिटं उताणं पडून राहा, हात छातीवर मोकळे. एकटीने हात मात्र कधीही बांधून घेऊ नका, पटकन सुटणारी गाठ असली तरीही.